भीमेच्या दोन्ही तीरांवर राज्य कोणाचे?

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमा नदीने एकमेकांपासून विभागले आहेत. उत्तरेकडील काठ शिरूरचा, दक्षिणेकडील दौंडचा. दौंड तालुक्याचे जुने नाव भीमथडी. ज्या थडीच्या तट्टांवर मराठ्यांचे स्वार उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेले, ती हीच थडी. शिरूरच्या ईशान्येस घोडनदी वाहते आणि दौंडाजवळ ती भीमेस मिळते. आजचा प्रवासी ह्या नद्या पुलावरून ओलांडतो, आणि पाणी किती आहे यापलीकडे तिकडे पाहत नाही. परंतु सुमारे दोनशे वर्षेपर्यंत ह्या पाण्याच्या अलीकडे एकाचे राज्य व पलीकडे दुसऱ्याचे, आणि पुष्कळदा दोन्ही काठांवर दोघांचेही, अशी स्थिती होती. मुलूख कोणाचा, हा प्रश्न ह्या भागात जितक्या वेळा उपस्थित झाला, तितका महाराष्ट्राच्या फार थोड्या भागांत झाला असेल.

प्रश्नाचा आरंभ सन १६३६ च्या तहापासून करणे सोयीचे आहे. निजामशाही बुडाली तेव्हा तिच्या मुलखाची वाटणी दिल्लीचा शहाजहान बादशहा आणि विजापूरचा महंमद आदिलशहा यांनी आपसांत केली. भीमा आणि नीरा यांमधील प्रदेश चाकणपर्यंत विजापुराकडे गेला. जुन्नर व अहमदनगर मोगलांकडे राहिले. म्हणजे आजचा दौंड तालुका विजापूरकरांचा आणि शिरूरचा बराचसा भाग मोगलांचा झाला. ह्या तहात आणखी एक कलम होते. आदिलशहाने वीस लाख रुपये द्यावे आणि बादशहाचे वर्चस्व मान्य करावे, असे त्यात ठरले. तेव्हा दक्षिण काठावर विजापूरचा अंमल होता खरा, पण विजापूर स्वतः दिल्लीच्या वर्चस्वाखाली, आणि प्रत्यक्षात पुणे व सुपे हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत. एका गावावर तीन धनी! त्यांपैकी खरा धनी कोणता, हे कागदावरून ठरविणे त्या काळच्या कारकुनासही जड गेले असते.

भोसल्यांचा ह्या थडीशी संबंध जहागिरीपेक्षाही जुना होता. हिंगणी, बेरडी आणि देऊळगाव ह्या भीमाकाठच्या गावांची पाटिलकी त्या घराण्याकडे होती, असे बखरकार सांगतात. जहागीर आणि पाटिलकी यांतील भेद येथे ध्यानात ठेवावयास पाहिजे. जहागीर ही बादशहाच्या मर्जीची वस्तू. आज दिली, उद्या काढून घेतली. पाटिलकी हे वतन. ती बापाकडून मुलाकडे जावयाची, आणि राज्य बदलले तरी नव्या धन्याकडून सनद करून घेतली की वतन पुन्हा कायम. राजे आले आणि गेले, पाटील मात्र राहिला. कुणब्याच्या दृष्टीने राज्य म्हणजे पाटलाच्या चावडीवर ज्याची चिठ्ठी येते तो.

शिवाजी महाराजांनी हा जहागिरीचा मुलूख हळूहळू स्वराज्य बनविला. सन १६५६ मध्ये सुपे त्यांनी आपला सावत्र मामा संभाजी मोहिते यांजकडून घेतले. पुढल्या वर्षी भीमा ओलांडून त्यांनी जुन्नर शहर लुटले. नदीच्या उत्तरेस मोगली मुलूख होता म्हणून तेथे लूट, आणि दक्षिणेस स्वतःचा म्हणून तेथे बंदोबस्त, हा फरक त्यांच्या मनात अगदी स्पष्ट होता. सन १६६० च्या फेब्रुवारीत शाएस्तेखान अहमदनगराहून निघाला तो भीमथडीतील सोनवडीवरूनच सुप्यास उतरला. सन १६६८ मध्ये औरंगजेबाने महाराजांस ‘राजा’ हा किताब दिला आणि पुणे, चाकण व सुपे हे परगणे त्यांजकडे सोडले. बादशहाच्या समजुतीने ही देणगी होती. महाराजांच्या समजुतीने ते आपलेच आपणास परत मिळाले होते. एकाच कागदाचे दोन अर्थ करण्याचा हा प्रकार ह्या भागाच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळतो. दोनच वर्षांत ही समजूतही मोडली. उत्तर काठाकडील जुन्नर प्रांत मात्र मोगलांकडेच राहिला. जेथे महाराजांचा जन्म झाला ती शिवनेरी त्यांच्या हयातीत स्वराज्यात आली नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते.

पुढे बहादूरखानाने दौंडासमोर, भीमेच्या उत्तर तीरावर पेडगाव येथे आपली छावणी घातली. तोच बहादूरगड. नदीच्या पलीकडून मोगली नगारा ऐकू येत असता अलीकडच्या काठावर वसूल गोळा करणे किती कठीण असेल, याची कल्पना करावी. सन १६८९ च्या फेब्रुवारीत कैद झालेल्या संभाजी महाराजांस प्रथम ह्याच बहादूरगडी आणण्यात आले. मग बादशहाचा तळ भीमेच्या काठाने कोरेगावाकडे हलला, आणि ११ मार्च रोजी तुळापूर येथे महाराजांचा अंत झाला. त्या दिवशी भीमेच्या दोन्ही तीरांवर औरंगजेबाचे राज्य होते, याविषयी कोणासही शंका घेता आली नसती. तरीही अठरा वर्षांनी तो अहमदनगरास मरण पावला, त्या वेळी मराठ्यांचे स्वार त्याच्या छावणीभोवती निर्धास्त फिरत होते.

सन १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून तीन सनदा घेऊन आले : स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. पुणे, सुपे, बारामती, इंदापूर हे परगणे स्वराज्यात धरले गेले. उरलेल्या दक्षिणच्या सुभ्यांत मराठ्यांनी शेकडा पंचवीस चौथाई व शेकडा दहा सरदेशमुखी घ्यावी, पंधरा हजार स्वार सुभेदाराच्या चाकरीस ठेवावे, आणि दहा लाख रुपये पेशकश बादशहास द्यावी, असे ठरले. आता शाहू महाराज हे स्वतंत्र राजे की बादशहाचे ताबेदार? पेशकश देणारा म्हणून ताबेदार. आणि बादशहाच्याच मुलखात हक्काने चौथा हिस्सा घेणारा म्हणून राजाहूनही अधिक. युरोपात त्याच सुमारास राष्ट्राची हद्द आणि हद्दीच्या आत एकच सत्ता, असा विचार रूढ होत होता. भीमाकाठी तो विचार लागू पडत नव्हता. येथे सत्ता जमिनीची नसे, हिश्श्यांची असे.

ह्या हिश्श्यांसच लोक दुअमल म्हणत. एका गावच्या वसुलात बादशाही जहागीरदाराचा वाटा, फौजदाराचा वाटा, मराठ्यांची चौथाई आणि तिच्यातही बाबती, साहोत्रा, नाडगौंडी व मोकासा असे पोटवाटे. शिवाय सरदेशमुखी वेगळी. पुणे प्रांतात मोगलांच्या बाजूने रंभाजी निंबाळकराची जहागीर होती आणि बाजी कदम फौजदारी सांभाळीत होता. स्वराज्याच्या ऐन गाभ्यात हा मोगली काटा! बाळाजी विश्वनाथांनी रंभाजीच्या जहागिरीस हात न लावण्याच्या बोलीवर पुण्याचा अधिकार बाजी कदमाकडून आपल्या हाती घेतला. पुढे निजामउल्मुल्काने रंभाजीस करमाळ्याकडे मुलूख देऊन हा काटा काढविला. चिटणिशी कागदांत हे सर्व मोठ्या चातुर्याचे वाटते. परंतु ज्या साली पाऊस पडला नाही त्या साली दोन कमाविसदारांचे शिपाई एकाच खळ्यावर येऊन बसले म्हणजे पाटलाने कोणाच्या पावतीवर विश्वास ठेवावा? दुअमलात गावाला संरक्षक दोन होते असे म्हणण्यापेक्षा मागणारे दोन होते, हे म्हणणे अधिक खरे.

हिश्श्यांचे भांडण शेवटी तलवारीनेच मिटावयाचे. सन १७५१ च्या नोव्हेंबरात निजाम सलाबतजंग आणि त्याचा फ्रेंच सेनापती बुसी अहमदनगरकडून चालून आले. कुकडीच्या काठी चंद्रग्रहणाच्या रात्री त्यांनी पेशव्यांच्या तळावर हल्ला केला, मग रांजणगाव लुटले, तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त केले आणि भीमेवर कोरेगावापर्यंत मजल मारली. सन १७६१ च्या अखेरीस निजामअली उरुळीपर्यंत आला. ह्या स्वाऱ्यांत शिरूर व भीमथडीतील गावांनी जे सोसले, त्याचा हिशेब कोणत्याही तहात नाही. दरम्यान अहमदनगर पेशव्यांच्या हाती आले, उदगीरच्या लढाईनंतर सन १७६० मध्ये निजामाने मोठा मुलूख सोडला, आणि घोडनदीच्या दोन्ही काठांवर एकच अंमल बसला. एवढे होऊनही पुण्याच्या टांकसाळीत पडणाऱ्या अंकुशी रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच असे, आणि पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत.

महसूल घेण्याचा हक्क आणि राज्य करण्याचा हक्क ह्या दोन वस्तू निराळ्या, हा मुद्दा केवळ पांडित्याचा नाही. सन १७७९ मध्ये पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह करून बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले. त्याप्रमाणे सन १७८३ व १७८५ मध्ये नगर-हवेली व दादरा त्यांजकडे गेली. सन १९५४ मध्ये हे प्रदेश मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदांतील सरंजाम ह्या शब्दाचा कीस तेथे काढण्यात आला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असे म्हटले की, मराठ्यांनी पोर्तुगीजांस महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. ते पुढे इंग्रजांच्या मान्यतेने त्यांस लाभले. भीमथडीच्या जुन्या पाटलास हा निवाडा समजण्यास न्यायाधीशांपेक्षा कमी वेळ लागला असता.

आता शिरूरच्या छावणीकडे वळावयाचे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. सहा हजार कवायती पायदळ कायमचे ठेवून घेण्याचे व त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून देण्याचे त्यात ठरले. परराज्यांशी कोणताही करारमदार कंपनीस विचारल्यावाचून करावयाचा नाही, असेही बंधन होते. ह्या फौजेचे मोठे ठाणे घोडनदीच्या काठी शिरूर येथे पडले. जमीन पेशव्यांची, फौज कंपनीची, पैसा पुन्हा पेशव्यांचा. कंपनीचे म्हणणे असे की, ही फौज दोस्त राजाच्या रक्षणार्थ आहे. बाजीरावास मात्र ही फौज कोणापासून कोणाचे रक्षण करते हे लवकरच कळून आले. सन १८१५ मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा पंढरपुरी खून झाला, त्रिंबकजी डेंगळ्यास हवाली करावे लागले, आणि १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांनी मराठी राज्यमंडळाच्या प्रमुखपणावरही पाणी सोडले. त्याच तहान्वये पाच हजार घोडदळ व तीन हजार पायदळ यांच्या खर्चासाठी आणखी मुलूख द्यावा लागला. ह्याच तजविजीतून ‘पुणे हॉर्स’ ह्या रिसाल्याचा जन्म झाला.

ह्या गुंतागुंतीचे टोक १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी दिसले. आदल्या रात्री साडेआठ वाजता कॅप्टन स्टॉंटन शिरूरहून सुमारे आठशे लोक घेऊन निघाला. त्यात मुंबईच्या पलटणीचे पाचशे पायदळ, पुण्याच्या रिसाल्याचे स्वार आणि मद्रासी तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. सकाळी भीमेपाशी पोचतो तो पलीकडे पेशव्यांची वीस हजारांवर फौज उभी. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांतून लढाई झाली. स्टॉंटनच्या तुकडीची पावणेतीनशेच्या आसपास माणसे पडली वा जखमी झाली. ३ तारखेस सकाळी ती शिरूरास परतली. नदीकाठी उभारलेल्या स्तंभावर ज्या मृत शिपायांची नावे आहेत, त्यांत महार शिपायांची पुष्कळ आहेत; १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले ते ह्याच नावांसाठी. ज्यांस पेशवाईत गावाच्या वेशीआतही मोकळेपणाने वावरता येत नव्हते, त्यांनी त्या राज्याच्या हक्काचा विचार कोणत्या दृष्टीने करावा, हा प्रश्न सनदांच्या भाषेत मांडता येत नाही, आणि म्हणून इतिहासकारांनी तो फार काळ मांडलाही नाही.

त्या दिवशी नदीपलीकडच्या उंचवट्यावर बाजीरावाबरोबर छत्रपती प्रतापसिंह महाराजही बसले होते. सर्व राज्याचे धनी तेच. ज्यांच्या नावाने पेशव्यांस वस्त्रे मिळत ते तेच. आणि आपल्याच प्रधानाच्या छावणीत जवळजवळ बंदिवान असलेलेही तेच. समोर लढणाऱ्या रिसाल्याचा पगार पेशव्यांनी तोडून दिलेल्या मुलखातून निघत होता. सहा आठवड्यांच्या आत, ११ फेब्रुवारी रोजी, एल्फिन्स्टनने साताऱ्यास जाहीरनामा लावला : बाजीरावाचे राज्य गेले, छत्रपतींस स्वतंत्र संस्थान मिळेल. आष्टीच्या लढाईत प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. त्यांस मिळालेले राज्य नीरेच्या दक्षिणेचे होते. भीमेचे हे दोन्ही काठ कंपनीने स्वतःकडे ठेवले, आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव सालीना आठ लाखांच्या तनख्यावर माल्कमच्या स्वाधीन झाला.

शिरूरास ह्या छावणीची एक विलक्षण खूण राहून गेली. सन १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस ह्या अधिकाऱ्याचे थडगे तेथे आहे. गावकरी त्यास सत्पुरुष म्हणू लागले. सुगीच्या वेळी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी नव्या धान्याचा पहिला वाटा तेथे नैवेद्य म्हणून आणीत, असे इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटियरने नमूद केले आहे. त्या वाट्यासाठी मात्र कोणत्याही सरकारचा शिपाई खळ्यावर येऊन बसला नव्हता.