कटरची वंशावळ

कान्हेरीच्या लेण्यांत ज्या दात्यांची नावे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत कोरली गेली, त्यांत कल्याणचा एक लोहार आणि कल्याणचाच एक सोनार आहे; त्यांची दाने शिलालेखांत राहिली, परंतु त्यांची हत्यारे कोणती होती याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आज ठाण्याच्या वा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कार्बन फायबरची पाटी कापण्यासाठी मिलिंग यंत्रात जे बोटाएवढे कटर बसते, त्याची वंशावळ लावू गेल्यास मात्र ती लोहाराच्या आणि जवाहिऱ्याच्या, अशा दोन्ही घराण्यांपर्यंत जाऊन पोहोचते. हे कटर या द्रव्यासाठी मुळापासून कोणी घडविलेले नाही; निरनिराळ्या धंद्यांनी आपापल्या गरजेपोटी जे निर्माण केले, ते येथे एकत्र आले आहे.

ज्याला कापावयाचे त्याचे कुळ कल्याणकरांस अगदीच परके नाही. शहाडचे सेंच्युरी रेयॉन आणि मोहोन्याचे नॅशनल रेयॉन या दोन कारखान्यांनी ज्या धाग्याचे नाव या तालुक्यात घरोघरी नेले, त्याच रेयॉनला प्राणवायूवाचून भाजून अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कार्बनचे औद्योगिक धागे काढले. पुढे जपानात अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून अधिक बळकट धागा मिळविला आणि रेयॉन मागे पडले. सुमारे सात मायक्रॉन व्यासाचे हे धागे थरावर थर रचून इपॉक्सी रेझिनमध्ये बद्ध केले की पाटी तयार होते. पोलाद कापताना जसे छिलके निघतात तसे येथे निघत नाहीत. धागा मोडतो, त्याची काळी भुकटी होते, आणि ती भुकटी धारेला अखंड घासत राहते. हायस्पीड स्टीलची धार या घर्षणापुढे फार काळ तग धरीत नाही. ती बोथट झाली की पाटीच्या कडेला जुन्या धोतराप्रमाणे दशा सुटतात, वरचा पापुद्रा उचलला जातो, आणि वाढलेल्या उष्णतेने रेझिन मऊ पडून सांधाच शिथिल होतो.

या संकटात धावून आलेला पहिला आप्त म्हणजे कानस. आयटीआयच्या फिटर विभागात पहिल्या काही आठवड्यांतच विद्यार्थ्याला जी डबलकट कानस हाती मिळते, तिच्यावर दातांची एक रांग ७० अंशांत आणि तिला छेदणारी दुसरी ५१ अंशांत पाडलेली असते. ठाण्याच्या रेमंड उद्योगसमूहाने १९५० च्या सुमारास जे. के. फाइल्स या नावाने देशी कानशींच्या उत्पादनात पाऊल टाकले, तेव्हा कानशीच्या या जाळीचा वारसा कार्बन फायबरच्या विमानपंखापर्यंत जाईल असे कोणाच्या ध्यानीमनीही नसेल. तीच जाळी टंगस्टन कार्बाइडच्या गोल दांडीभोवती गुंडाळली की डायमंडकट राउटर सिद्ध होते; त्यावर हिऱ्याचा कणही नसतो, केवळ दातांचा आकार तसा असतो. एका लांब पात्याऐवजी शेकडो लहान दात ओझे वाटून घेत असल्यामुळे पाटीवर ओढ कमी पडते. कड थोडी खरबरीत राहते, परंतु ढोबळ कापणीला ती पुरते.

त्या दांडीच्या धातूची, म्हणजे दुसऱ्या आप्ताची, कथा अधिक विलक्षण आहे. विजेच्या दिव्याने कार्बनची तार टाकून टंगस्टनची तार पत्करली, तेव्हा ती तार ओढण्यासाठी हिऱ्याचे महागडे साचे लागत; त्यांना पर्याय शोधताना बर्लिनच्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोएटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची भुकटी धातूच्या बंधकाने भट्टीत सांधण्याचे पेटंट घेतले, आणि १९२६ पासून क्रुप्पने त्यास विडिया या नावाने बाजारात आणले. ज्या कार्बनच्या तारेला दिव्यातून निवृत्त केले, तिच्याच जातीचा धागा कापण्याचे काम अखेर याच धातूच्या वाट्यास आले.

तिसरा आप्त सुताराच्या घरचा. प्लायवुड कापताना कटरचा वर खेचणारा पीळ वरचा पापुद्रा फाडतो आणि खाली दाबणारा पीळ खालचा. म्हणून खालच्या अर्ध्या भागात वर ओढणारे आणि वरच्या भागात खाली रेटणारे दात घालून कॉम्प्रेशन कटर करण्यात आले. दोन्ही पीळ जेथे मिळतात ती जागा पाटीच्या जाडीच्या आत राहील असा बंदोबस्त करावा लागतो. ती बाहेर गेली तर सारी युक्ती निष्फळ होते.

शेवटी हिरा. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये प्रयोगशाळेत हिरा घडविला, आणि १९७० च्या दशकात हिऱ्याचे कण उच्च दाबाने एकमेकांत सांधून कार्बाइडच्या बैठकीवर बसविलेली पीसीडीची (पॉलिक्रिस्टलाइन डायमंडची) पाती आली. तापल्यावर लोखंड हिऱ्यातील कार्बन शोषून घेते, म्हणून पोलादावर हिरा लवकर झिजतो. कार्बनच्या धाग्याशी त्याचे असे वैर नाही. वाफेतून हिऱ्याचा पातळ थर चढविलेले कटर पिळाच्या आकारातही मिळते, पण थर गेला की त्याला पुन्हा धार लावण्यात अर्थ उरत नाही; पीसीडीला मात्र तज्ज्ञाकडून धार लावून घेता येते.

यांतून निवड करताना पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, यंत्राच्या अवस्थेचा असतो. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ ठाण्याच्या ज्या वागळे इस्टेटीत साजरा झाला, तेथे नव्या यंत्रांच्या शेजारी जुनी यंत्रेही चालतात. ज्या यंत्राच्या स्पिंडलला थरथर आहे त्यात ठिसूळ पीसीडी बसविली तर पहिल्याच पाळीत तिचा टवका उडू शकतो आणि सारी रक्कम पाण्यात जाते. नग मोजके आणि यंत्र जुने असेल तर कानशीच्या वंशजाने काम भागवावे. पाटीच्या दोन्ही अंगांना स्वच्छ कड हवी असेल तर सुताराच्या वंशजास बोलवावे. यंत्र भक्कम आणि नगांची संख्या मोठी असेल, तरच हिऱ्याचा खर्च जमाखर्चात बसतो.