भारत–पाकिस्तान क्रिकेट : सुरुवात कशी झाली?

भारत–पाकिस्तान सामना आला की आपल्या मुलांना शाळेत, क्लासमध्ये एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : 'तू कोणाकडून?' चिडून उत्तर देण्यापेक्षा या चुरशीचा इतिहास मुलांना माहीत असलेला बरा, असं आम्हाला वाटतं. म्हणून ही थोडक्यात माहिती.

फाळणीआधी एकच टीम

मार्च १९४७. रणजी ट्रॉफीच्या फायनलमध्ये बडोद्याकडून सांगलीचे विजय हजारे आणि लाहोरचे गुल मोहम्मद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९. त्याच बडोदा संघात लाहोरचे अमीर इलाही हे लेगस्पिनर होते.

काही महिन्यांनी फाळणी झाली. ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी भारतीय संघाचं शिबिर तेव्हा पुण्यात भरलं होतं आणि लाहोरचे फजल महमूद त्यात होते. पुण्याहून मुंबईला येताना रेल्वेत काही माथेफिरू त्यांच्या अंगावर आले, तेव्हा सी. के. नायडू बॅट घेऊन मध्ये उभे राहिले, असं फजल यांनीच आत्मचरित्रात सांगितलं आहे. फजल सुखरूप घरी पोहोचले. दौरा मात्र त्यांनी सोडला.

१९५२ : पहिली मालिका

जुलै १९५२ मध्ये पाकिस्तानला कसोटी दर्जा मिळाला. त्यासाठी शिफारस भारताने केली होती. ऑक्टोबरमध्ये त्यांचा संघ भारतात आला. कॅप्टन अब्दुल हफीज कारदार १९४६ साली भारताकडून इंग्लंडमध्ये तीन कसोटी खेळले होते. अमीर इलाहीही भारताकडून एक कसोटी खेळलेले. आपले कॅप्टन लाला अमरनाथ यांची जडणघडण लाहोरची. गुल मोहम्मद त्या वेळी भारताकडून खेळले, पुढे १९५६ मध्ये पाकिस्तानकडून.

दिल्लीच्या पहिल्या कसोटीत विनू मांकड यांनी १३ विकेट घेतल्या आणि भारत डाव व ७० धावांनी जिंकला. लखनौला फजल महमूद यांनी १२ बळी घेतले, नजर मोहम्मद यांनी नाबाद १२४ केले. पाकिस्तान डाव व ४३ धावांनी जिंकला. मुंबईत ब्रेबॉर्नवर हजारे आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली, भारत १० विकेटने विजयी. मद्रास आणि कलकत्ता इथले सामने अनिर्णित राहिले. मालिका भारताने २–१ ने जिंकली.

मुलांना हे जरूर सांगा

दिल्लीला भारताची अवस्था ९ बाद २६३ होती. शेवटच्या जोडीने १०९ धावा जोडल्या. एका टोकाला पुण्यात जन्मलेले हेमू अधिकारी, नाबाद ८१. दुसऱ्या टोकाला हैदराबादचे ऑफस्पिनर गुलाम अहमद. त्यांनी पाकिस्तानच्या बॉलिंगवर ५० धावा काढल्या. हेच गुलाम अहमद पुढे भारताचे कॅप्टन झाले, नंतर क्रिकेट बोर्डाचे सचिव.

पुढे १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली, १९६१ ते १९७८ या काळात दोन्ही देशांत एकही कसोटी झाली नाही. आजचा कडवटपणा त्या वर्षांतून आलाय. सुरुवात मात्र एकाच ड्रेसिंग रूममधून उठून समोरासमोर आलेल्या खेळाडूंनी केली होती.

राहिला 'तू कोणाकडून?' हा सवाल. तो पुन्हा आला तर मुलांनी दिल्लीची ती १०९ धावांची भागीदारी सांगावी.