युद्ध, मुले आणि वळिवडे

इतिहास म्हटला की आपल्यापुढे प्रथम लढाया उभ्या राहतात. चाळीसगावकरांना हे वेगळे सांगावयास नको. कन्नडकडे जाताना आपण जो घाट चढतो, त्याला औट्रमचे नाव आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे कित्येक वर्षे येथील डोंगरांत भिल्ल व इंग्रज यांची झुंज चालली. १८२५ पासून दंडाबरोबर क्षमा आणि बंदुकीबरोबर नांगर असे नवे धोरण आले. औट्रमने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभारली. हा इतिहास आपण नाईकांच्या आणि साहेबांच्या नावांनी सांगतो. त्या धामधुमीत जी लेकरे वाढली, त्यांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

या प्रश्नाला जेथे कृतीने उत्तर दिले गेले, असे एक ठिकाण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ते म्हणजे कोल्हापूरजवळचे वळिवडे.

१९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएट रशिया चालून गेला. आपल्या वाट्याच्या मुलखातून रशियाने १९४० व १९४१ मध्ये लाखो माणसे आगगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, पोलंडच्या परागंदा सरकारशी रशियाने करार केला, आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये लाखाहून अधिक पोलिश माणसे इराणात पोहोचली. त्यांत हजारो मुले होती. कित्येकांचे आईबाप भुकेने आणि तापाने वाटेतच गेले होते. त्याच वर्षी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे अशा मुलांसाठी वसाहत उघडली. १९४३ मध्ये पंचगंगेच्या काठी वळिवड्याची मोठी छावणी झाली. तेथे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच.

अन्न, वस्त्र, निवारा आणि दवाखाना ही पहिली गरज होती. ती भागविली गेली. परंतु ज्या मुलाने बर्फात आपली माणसे पुरलेली पाहिली, ते पोट भरल्याने शांत झोपते काय? वळिवड्याचे महत्त्व येथे आहे. तेथे शाळा निघाल्या, आणि त्या पोलिश भाषेत निघाल्या. पुष्कळ मुले आईजवळ राहिली. ज्यांचे कोणी उरले नव्हते त्यांच्यासाठी अनाथालय झाले. बालवीरांची पथके झाली, प्रार्थनामंदिर झाले, नाटके झाली. म्हणजे परक्या मुलखात मुलाला आपली भाषा, आपले सण आणि ओळखीचे वडीलधारे मिळाले. ज्याचा उद्याचा भरवसा उडाला होता, त्याला उद्या सकाळी घंटा होणार आणि वर्ग भरणार, एवढा तरी भरवसा आला. मनाच्या दुखण्यावर हे औषध साधे दिसते, पण ते फार खोल जाते.

याच काळात लंडनवर बाँब पडत असता ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी मुलांची शिशुगृहे चालवीत होत्या. मूल आईजवळ असेल तर बाँबचा धक्काही ते पुष्कळ अंशी सोसते, पण ताटातूट त्याला मोडून टाकते, असे त्यांना आढळले. आमच्या अंमळनेरच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणाऱ्या साने गुरुजींना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

तथापि नुसती माया पुरत नाही. ज्या जुलैमध्ये बालाचडीची वसाहत नुकतीच वसत होती, त्याच १९४२ च्या जुलैमध्ये वॉर्सातील ज्यूंच्या कोंडवाड्यात डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथ मुलांकडून रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ नाटक करविले. मुलांच्या मनाला एवढे जपणारा माणूस विरळा. पण त्यांच्या दाराशी रक्षण करणारी सत्ता नव्हती. ऑगस्टमध्ये मुलांसह त्यांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आले. मनाला आधार हवा आणि जिवाला संरक्षण हवे. एकावाचून दुसरे व्यर्थ आहे. वळिवड्याला दोन्ही होती.

१९४८ मध्ये ती छावणी उठली. त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले, आणि आज तेथे गांधीनगरची कापडपेठ गजबजलेली आहे. त्यांच्या व्यापाराचे आपण कौतुक करतो. त्यांच्या बालपणाविषयी किती जणांनी विचारले?

१९८९ च्या बालहक्क करारात युद्धाने पोळलेल्या मुलाचे शरीर आणि मन दोन्ही सावरण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. पण राष्ट्र म्हणजे शेवटी कोण? चाळीसगाव हे जंक्शन आहे. दंग्यातून वा उद्ध्वस्त घरातून निघालेले एखादे एकटे पोर उद्या आपल्याच फलाटावर उतरेल. त्याला गराडा घालून त्याची कहाणी पुनःपुन्हा वदवून घेऊ नका. आधी जेवलास का, एवढेच विचारा. १०९८ वर कळवा, बालकल्याण समितीपर्यंत ते सुखरूप पोहोचेल असे पाहा. बरोबर भावंड असेल तर त्यांची ताटातूट होऊ देऊ नका. आणि पुढे ते आपल्या गावच्या शाळेत आले, तर आपल्या मुलाला त्याच्या शेजारी बसू द्या.