‘फ्री’ साउंड इफेक्ट खरंच फुकट असतो का? रील टाकण्याआधी लायसन्स समजून घ्या

पावसाळ्यात नळदुर्ग किल्ल्यातला नर-मादी धबधबा सुरू झाला की धाराशिवकरांच्या मोबाइलवर त्याच्या रील्सचा पाऊस पडतो. पुढे नवरात्रात तुळजापूरची गर्दी, पोत आणि संबळ. व्हिडिओ छान येतो, पण मोबाइलच्या माइकमध्ये धबधब्यापेक्षा वाऱ्याची फरफरच जास्त भरते. मग इंटरनेटवर ‘फ्री वॉटरफॉल साउंड’ शोधायचं, डाउनलोड करायचं आणि खाली जोडायचं. गडबड होते ती इथेच.

धबधब्याच्या आवाजावर कोणाची मालकी कशी असेल, असं वाटणं साहजिक आहे. आवाजावर ती नसतेच, पण रेकॉर्डिंगवर असते. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) ध्वनिमुद्रण हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात गाणं असायलाच हवं असं नाही. पाऊस, कुत्र्याचं भुंकणं, एसटीचा हॉर्न, काहीही चालतं. प्रकाशनानंतर ६० वर्षे हे संरक्षण टिकतं. म्हणजे नळदुर्गला जाऊन तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेला आवाज तुमचा, आणि दुसऱ्याने केलेला त्याचा.

मग ‘फ्री’ म्हणजे काय? तर मालकाने काही अटींवर दिलेली परवानगी. या अटी म्हणजेच लायसन्स.

बार्सिलोनातील पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेली ‘फ्रीसाउंड’ ही वेबसाइट यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे प्रत्येक आवाजासोबत क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स दिलेलं असतं. ‘सीसी झिरो’ दिसलं तर बिनधास्त वापरा, नाव देण्याचीही सक्ती नाही. ‘सीसी बाय’ असेल तर आवाजाचं शीर्षक, अपलोड करणाऱ्याचं नाव, मूळ लिंक आणि लायसन्स डिस्क्रिप्शनमध्ये लिहावं लागतं. नुसतं ‘क्रेडिट्स टू ओनर’ लिहून भागत नाही. ते लिहिणाऱ्याला ओनर कोण हेच बहुतेकदा माहीत नसतं!

‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई. मित्रांसाठी केलेला ट्रेकचा व्हिडिओ चालेल, पण तोच आवाज कुंथलगिरीच्या खव्याच्या किंवा तुळजापूरच्या लॉजच्या जाहिरातीत घातला तर अटीचा भंग झाला, मग त्या रीलचे तुम्हाला ५०० रुपये मिळालेले असोत की ५०,०००.

‘एनडी’ हे अक्षर इतर साइट्सवर भेटतं आणि सगळ्यात जास्त फसवतं. एनडी म्हणजे बदल करायचा नाही. आवाज कापला नाही, जसाच्या तसा वापरला, मग काय अडचण, असं वाटतं. पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नियमांनुसार आवाज चालत्या चित्राशी जुळवून बसवणं हाच बदल मानला जातो. त्यामुळे एनडी आवाज व्हिडिओला लावताच येत नाही.

बीबीसीने २०१८ मध्ये १६,००० हून अधिक साउंड इफेक्ट ऑनलाइन खुले केले. खजिनाच आहे तो, पण ही मोफत परवानगी वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामासाठी आहे. कमाई करणाऱ्या चॅनलला ती पुरत नाही. अशा चॅनलसाठी यूट्यूबची स्वतःची ऑडिओ लायब्ररी सोयीची. ‘रॉयल्टी फ्री’ हा शब्द मात्र जपून वाचा. त्याचा अर्थ दर वापराला पैसे नाहीत एवढाच; सुरुवातीला एकदा पैसे मोजावे लागू शकतात.

आता संबळ. इथे हिशेब थोडा वेगळा आहे. पारंपरिक गोंधळगीतावर कोणाचा कॉपीराइट नसला, तरी ते वाजवणाऱ्या गोंधळ्याचा हक्क असतो. कायद्याच्या कलम ३८ नुसार कलाकाराच्या सादरीकरणाला ५० वर्षांचं संरक्षण आहे. ‘कलाकार’ या व्याख्येत कायद्याने गायक-वादकांसोबत डोंबारी आणि गारुडीही मोजले आहेत. त्यामुळे मंदिराबाहेर संबळ रेकॉर्ड करून तो ‘फ्री साउंड’ म्हणून जगाला वाटायचा असेल, तर आधी वाजवणाऱ्याला विचारायला हवं. अनेक कुटुंबांचं पोट या कलेवर चालतं. त्यांचाच आवाज दुसऱ्याच्या जाहिरातीत वाजावा आणि त्यांना पत्ताही नसावा, हे बरं नव्हे. संमती मोबाइलवर व्हिडिओत घेतली तरी नंतर पुरावा म्हणून उपयोगी पडते. एखाद्या कंपनीने काढलेलं देवीचं गाणं कापून संबळाचा तुकडा घेणं हा तर सरळ त्या कंपनीच्या रेकॉर्डिंगचा वापर झाला. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असा कोणताही नियम कायद्यात नाही.

सगळं नियमाने करूनही क्लेम येऊ शकतो. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाज आपोआप जुळवून पाहते आणि कधीकधी तिची चूक होते. ऑस्ट्रेलियातील एका संगीतकाराने टाकलेल्या १० तासांच्या ‘व्हाइट नॉइज’च्या, म्हणजे नुसत्या खरखरीच्या, व्हिडिओवर पाच क्लेम आल्याची बातमी २०१८ मध्ये जगभर गाजली होती. अशा वेळी ‘डिस्प्यूट’ करता येतो, पण हातात कागद हवा. म्हणून आवाज डाउनलोड करतानाच लायसन्स दिसेल असा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. अपलोड करणाऱ्याने पुढे लायसन्स बदललं, तरी तुम्ही घेतलेली क्रिएटिव्ह कॉमन्सची परवानगी कायम राहते. अर्थात, तो आवाज त्याने स्वतःच कुठून तरी उचललेला असेल तर त्याने दिलेलं लायसन्सही कामाचं नाही. एकाच खात्यावर सिनेमातले संवाद, नामांकित गाण्यांचे तुकडे आणि पावसाचे आवाज असं सगळंच ‘सीसी झिरो’ म्हणून दिसत असेल, तर तिथला पाऊसही घेऊ नका.