स्वप्नातला सराव

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' असे आपण म्हणतो. स्वप्न नुसते दिसते. तिथे आपला हुकूम चालत नाही. पण ऐन स्वप्नात 'अरे, हे तर स्वप्नच!' असे एखाद्याला उमगले तर? तुमच्यापैकी कुणाला हा अनुभव आलाही असेल. आपण त्याला जाणते स्वप्न म्हणू या. जर्मनीतील मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी त्याचाच पाठपुरावा केला.

१९५९ साली, वयाच्या बाविशीत, थोलाय यांच्यापुढचा प्रश्न साधा होता : स्वप्ने रंगीत असतात का? सकाळच्या आठवणीवर त्यांचा भरवसा नव्हता. आठवणीतला रंग स्वप्नातला, की जागे झाल्यावर आपणच चढवलेला, हे कोण सांगणार? तेव्हा स्वप्नातच भान ठेवून पाहायचे त्यांनी ठरवले. उपाय बिनखर्चाचा. दिवसातून पुष्कळदा स्वतःला विचारायचे, 'मी जागा आहे की स्वप्नात?' तेही तोंडदेखले नव्हे, तर आसपास काही विपरीत आहे का हे नीट न्याहाळून. सवय अंगवळणी पडली, की एखाद्या रात्री तोच प्रश्न स्वप्नातही उठतो.

पुढे थोलाय क्रीडा-मानसशास्त्राकडे वळले. बर्फावरून घसरण्याच्या खेळातली किंवा जिम्नॅस्टिकमधली अवघड हालचाल जाणत्या स्वप्नात घोटता येते, असे त्यांचे म्हणणे. तिथे पडले तरी हाड मोडत नाही, त्यामुळे भीतीही सरते.

आता तुम्ही म्हणाल, झोपलेल्या माणसाची साक्ष कोण मानणार? शंका रास्तच आहे. पुष्कळ विद्वानही असेच म्हणत. तोड निघाली १९७५ साली, इंग्लंडात हल विद्यापीठात. स्वप्नांच्या गाढ झोपेत हातपाय लुळे असतात, डोळे मात्र हलतात. कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली यांच्याशी आधीच खूण ठरवली : स्वप्नाचे भान येताच डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. वर्स्ली गाढ झोपलेले, आणि यंत्राच्या कागदावर ती ठरलेली खूण उमटली!

म्हणजे भान असते, हे ठरले. पण सरावाचा गुण येतो का? थोलाय १९९८ साली वारले. त्यानंतर, २०१० साली, एर्लाखर आणि श्रेडल या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खेळ म्हणाल तर पोरांचा : लांबून पेल्यात नाणे टाकायचे. संध्याकाळी वीस फेकी, सकाळी पुन्हा वीस. काहींनी मधल्या वेळात खरोखर सराव केला, काहींनी काहीच केले नाही, आणि वीस जणांना स्वप्नात नाणी फेकायला सांगितले होते. त्यांतल्या सात जणांना ते साधले, आणि सकाळी त्यांचा नेम सुधारला. सातांवरून नियम बांधता येत नाही. संशोधकांनीही या प्रयोगाला प्राथमिक पाहणीच म्हटले आहे. उरलेल्या तेरा जणांना स्वप्नातला हा सराव काही साधलाच नाही.