शाळेच्या प्रार्थनेला चाल देणारा माणूस

१/४ गोंदियाजवळचे नागरा असो वा मुंबई, शाळेचे वर्ष प्रार्थनेने सुरू होते. आज घराघरांत ठाऊक असलेल्या दोन हिंदी प्रार्थनांचे संगीतकार एकच : वसंत देसाई (१९१२–१९७५).

२/४ पहिली ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या कैद्यांच्या कथेतली. दुसरी ‘गुड्डी’मधली (१९७१), शाळेच्या परिपाठातच गायिलेली.

३/४ दोन्ही चाली साध्या, संथ. पेटी नसली तरी चालते. निवडक गळे नव्हे, अख्खी शाळा गाते. चित्रपटांबाहेरही देसाईंनी ‘एक सूर, एक ताल’ म्हणत शाळकरी मुलांना समूहगान शिकवले.

४/४ २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला. चाल मुलांच्या ओठी राहिली. नाव मात्र परिपाठात कुणी घेत नाही. ते घेतले जावे.