गाडी घरीच पॉलिश करायची तर मशीन कोणतं घ्यायचं? आणि पॅड कोणते?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुऊन-पुसून पार्किंगमध्ये उभी केली की ती चकाचक दिसते. दुसऱ्या दिवशी हार घालायला उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसू लागतात. गाडी काळी, गडद निळी किंवा लाल असेल तर जरा जास्तच. या रेषांना स्वर्ल मार्क म्हणतात. कोरडी धूळ फडक्याने झटकणं, एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात बुडवलेलं फडकं गाडीभर फिरवणं, हे त्यामागचं नेहमीचं कारण. सोसायटीत सकाळी एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा नवव्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासली जाते.

गंमत म्हणजे हे चरे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांनी गेलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती त्यातले ठरावीक दिशेचेच चमकतात, म्हणून नजरेला वर्तुळं दिसतात.

मग एखादी रील समोर येते. मशीन फिरतं, अर्धं बॉनेट आरशासारखं होतं. ऑनलाइन शोधलं तर ‘कार पॉलिशर’ दोन-तीन हजारांपासून मिळतो, सोबत सात-आठ रंगीबेरंगी पॅड फुकट. ऑर्डर करण्याआधी एक गोष्ट मात्र समजून घ्यायला हवी: पॉलिशने चरा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या पातळीपर्यंत खाली आणला जातो.

थर आहे तरी किती?

आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरावर टिकून आहे. रंगाला अतिनील किरणांपासून वाचवणारी रसायनंही याच थरात असतात. तो फार घासला गेला की काही वर्षांत छत आणि बॉनेट पांढरट पडतं, पापुद्रे सुटतात. मग पॉलिशचा उपयोग नसतो, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन जातात, जोरदार कटिंगमध्ये त्याहून बरेच जास्त. म्हणून दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगबरोबर ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची सवय चांगली नाही. घरचं मशीन निवडतानाही ‘किती पटकन चमकवतं’ यापेक्षा ‘चूक झाली तर किती हळू नुकसान करतं’ हे आधी बघावं.

रोटरी, डीए आणि ग्राइंडरचा जुगाड

बाजारात मुख्यतः दोन जातीची मशीन मिळतात. रोटरीमध्ये पॅड एकाच आसाभोवती गरगर फिरतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा हेच दिसतं. सरावलेल्या हातात ते भराभर काम करतं, पण सगळी उष्णता एकाच जागी साठते. मशीन दरवाजाच्या कडेवर दोन सेकंद जास्त थांबलं तर खालचा रंग उघडा पडू शकतो. थोडा कोन चुकला की उन्हात सरकणाऱ्या सावल्यांसारखे पट्टे दिसतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. स्वर्ल घालवायला गेले आणि होलोग्राम घेऊन आले, असं व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी जात ड्युअल अ‍ॅक्शन, बोलीभाषेत डीए. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी एका छोट्या वर्तुळात झुलतोही. एकाच जागी एकसारखी घासण होत नाही, उष्णता कमी साठते. शिवाय बहुतेक डीएमध्ये पॅडचं फिरणं मोकळं असतं: जास्त दाबलं किंवा मशीन वाकडं धरलं की पॅड फिरायचा थांबतो, नुसता थरथरतो. नवशिक्याला हे वैतागवाणं वाटतं, पण तीच खरी सुरक्षा आहे. डीएनेही रंग जाळता येतो, फक्त त्यासाठी बराच वेळ चूक करत राहावं लागतं.

मधला एक प्रकार आहे, फोर्स्ड रोटेशनचा. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचं एक्ससी ३४०१ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. यात पॅड झुलतो आणि गिअरच्या जोरावर फिरतोही, त्यामुळे दाबल्यावर अडत नाही. पहिलं मशीन म्हणून याची गरज नाही.

अँगल ग्राइंडरला वेल्क्रोची चकती लावून पॉलिश करण्याचा जुगाड मात्र विसरून जावा. चार इंची साधा ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. रोटरीवर पॉलिशचं बहुतेक काम एक ते दोन हजार फेऱ्यांतच होतं. ड्रिलला लावायचे पॅड इतके धोकादायक नसतात, पण ड्रिल दोन हातांनी सपाट धरता येत नाही आणि काम ओबडधोबड होतं. हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेपुरते ते ठीक.

थोडक्यात, घरी वापरायला डीए. दोन-तीन हजारांत मिळणारी बहुतेक यंत्रं रोटरी असतात. वर्णनात ‘पॉलिशर’ एवढंच लिहिलेलं असेल तर ‘ऑर्बिट’ किंवा ‘थ्रो’ किती मिलिमीटर हे शोधावं. तो आकडाच नसेल तर ते रोटरी समजावं.

८, १५ की २१?

थ्रो म्हणजे पॅड ज्या वर्तुळात झुलतो त्याचा व्यास. ८ मिमीची मशीन सर्वांत जुनी आणि स्वस्त. वळणदार भागांवर ती अडत नाहीत, पण वेळ खातात. इटलीच्या रुपेस कंपनीने १५ आणि २१ मिमीची मोठ्या थ्रोची मशीन लोकप्रिय केली. २१ मिमीचं मशीन मोठं, सपाट बॉनेट आणि छत भराभर उरकतं. पण आपल्याकडच्या हॅचबॅक आणि छोट्या एसयूव्हींच्या दरवाजांवर इतक्या रेघा, खाचा आणि फुगवटे असतात की त्यावर मोठा पॅड सारखा अडतो.

म्हणून पहिल्या मशीनसाठी १५ मिमी थ्रो आणि पाच इंची, म्हणजे १२५ मिमीची बॅकिंग प्लेट हा सगळ्यात सोयीचा मेळ. बजेट कमी असेल तर ८ मिमी घ्यायलाही हरकत नाही. कामाला एक दिवस जास्त लागेल, एवढंच. वेग कमी-जास्त करण्याची चकती असायलाच हवी. बटण दाबताच मशीन हळू सुरू होत असेल तर उत्तम, नाहीतर पहिल्या झटक्यात पॉलिशचे शिंतोडे काचेपासून भिंतीपर्यंत जातात. वजनही पाहावं. बॉनेटवर मशीन स्वतःच्या वजनावर टेकतं, दरवाजावर मात्र ते दोन्ही हातांनी तोलावं लागतं.

पैसे पॅडवर खर्च करा

मशीन फक्त पॅड हलवतं. रंगाला प्रत्यक्ष भिडतात ते पॅड आणि त्यावरचं पॉलिश. त्यामुळे महागड्या मशीनवर वाईट पॅड लावण्यापेक्षा साध्या डीएवर चांगले पॅड लावणं केव्हाही बरं.

पॅड तीन प्रकारचे. लोकर सगळ्यात जास्त कापते. ती मुख्यतः रोटरीवर वापरली जाते. मायक्रोफायबर पॅड डीएवर चांगलं कापतो, पण मऊ रंगावर स्वतःचे बारीक चरे किंवा धूसरपणा मागे ठेवू शकतो. फोम सर्वांत सोपा, आणि त्यात कडक, मध्यम, मऊ अशा पायऱ्या असतात. कडक फोम कटिंगला, मध्यम पॉलिशला, मऊ शेवटच्या फिनिशिंगला किंवा वॅक्स लावायला.

इथे सगळ्यात मोठा घोळ रंगांचा. पिवळा म्हणजे कडक, काळा म्हणजे मऊ, असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. रुपेसच्या फोममध्ये निळा कडक आणि पिवळा बारीक फिनिशिंगचा. अमेरिकेच्या लेक कंट्रीच्या जुन्या सपाट पॅडमध्ये पिवळा कटिंगचा आणि निळा अगदी मऊ. म्हणजे बरोबर उलट! एका कंपनीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या कंपनीचा ‘तसाच’ पिवळा पॅड घेतला तर फिनिशिंगच्या नावाखाली कटिंग होईल. पाकिटावरचं वर्णन वाचावं, रंग नाही. मशीनसोबत फुकट आलेल्या बिननावाच्या पॅडवर बहुधा वर्णनच नसतं. ते वॅक्स लावायला ठेवून द्यावेत.

आकाराचा हिशेब साधा आहे. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा थोडा मोठा हवा: पाच इंची प्लेटला साडेपाच, सहा इंची प्लेटला साडेसहा. बरोबरीचा घेतला तर प्लेटची कडक कड गाडीला लागते, फार मोठा घेतला तर पॅड फिरत नाही. पातळ पॅड जास्त चांगले फिरतात, आणि मधोमध भोक असलेल्यांत उष्णता कमी साठते. जिथे पाच इंची पॅड पोहोचत नाही, तिथे तीन इंची प्लेट आणि पॅड लागतात.

आणि संख्या. एकाच पॅडवर अख्खी गाडी होत नाही. घासलेला क्लिअर कोट आणि सुकलेलं पॉलिश पॅडमध्ये अडकत जातं, तो ओला, गरम होतो, कापेनासा होतो. सततच्या उष्णतेने वेल्क्रोचा गोंद सुटून पॅड मधूनच फाटतो. एका हॅचबॅकसाठी मध्यम फोमचे चार, मऊ फोमचे दोन आणि मायक्रोफायबर कटिंगचा एखादा, एवढे तरी असावेत. प्रत्येक तुकडा झाला की चालू मशीनवर पॅडला नायलॉनच्या मऊ ब्रशने झाडावं.

आधी दोन फुटांचा चौकोन

गाडी नीट धुऊन, क्ले बारने चिकटलेली घाण काढून, सावलीत आणि पत्रा थंड असताना काम सुरू करावं. बॉनेटवर मास्किंग टेपने दोन फुटांचा चौकोन आखावा आणि सगळ्यात सौम्य जोडीने, म्हणजे मध्यम किंवा मऊ फोम आणि बारीक पॉलिशने सुरुवात करावी. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन मधल्या वेगावर, हात सेकंदाला साधारण एक इंच सरकवत, अर्धा पट्टा पुन्हा झाकला जाईल असे चार ते सहा फेरे. पुसून मोबाइलच्या टॉर्चने बघावं. रेषा गेल्या असतील तर हीच जोडी पूर्ण गाडीला. नसतील तर पॅड तोच ठेवून पॉलिश जरा कडक घ्यावं, मग पॅड बदलावा. थेट कंपाउंड आणि कटिंग पॅडपासून सुरुवात करणं म्हणजे सर्दीला ऑपरेशन.

बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवावी. ती गोल फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, जागेवरच थरथरत असेल तर दाब कमी करावा किंवा कोन सुधारावा.

दरवाजाच्या कडा आणि बॉडीवरच्या धारदार रेघांवर रंग पातळ असतो, तिथे टेप लावावी. प्लॅस्टिकचे बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतात. काळ्या रबरी पट्ट्यांवर पॉलिश लागलं तर पांढरे डाग निघता निघत नाहीत, त्यांनाही टेप.

कुठे मशीन लावूच नये?

नखाला अडणारा ओरखडा पॉलिशने जाणार नाही. तो घालवण्याच्या नादात आजूबाजूचा कोट संपतो. मॅट रंगाच्या गाड्यांना पॉलिश केलं की चमकदार डाग पडतात. सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर पॉलिशने ते निघून जातं. पॅडवर गाडीचाच रंग उतरू लागला तर लगेच थांबावं: एकतर जुना, क्लिअर कोट नसलेला रंग आहे, किंवा कोट संपलाय. सेकंड-हँड गाडी आधी किती वेळा घासली गेली हे कळायला मार्ग नसतो, तिथे रंगाची जाडी मोजणारा गेज कामी येतो. तो सगळे थर मिळून आकडा सांगतो, एकट्या क्लिअर कोटचा नाही, आणि साधे गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाहीत. पण बाकीच्या पत्र्यापेक्षा एखाद्या भागाचा आकडा बराच कमी आला तर तिथे फक्त वॅक्स. फारच जास्त आला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे, खाली कदाचित पुट्टीही असेल.

बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डागही आधी पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून बघावेत, मग ती जागा साध्या पाण्याने धुवावी. क्षारांचा नुसता थर असेल तर तो एवढ्यानेच निघतो. डागाने कोट खाल्ला असेल तरच मशीन.

काम संपल्यावर पॅड कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुऊन, पिळून न काढता दाबून, वेल्क्रोची बाजू वर करून सावलीत वाळवावेत आणि झिपच्या पिशवीत ठेवावेत. जमिनीवर पडलेला पॅड तसाच पुन्हा लावू नये. त्यात अडकलेला वाळूचा एक कण पुरेसा असतो.